एकाच हातचा पाला

पदनाम : पर्ण-परिचर, तात्पुरता. वय : सत्तावन्न वर्षे, कागदोपत्री चोपन्न. उंची : पाच फूट दोन इंच, कामाच्या वेळी शिडीसह चौदा फूट. ओळखीची खूण : दोन्ही तळहातांवर काट्यांचे व्रण, मोजलेले नाहीत. सदर इसम प्राणिसंग्रहालयातील पर्णाहारी प्राण्यांना झाडांचा पाला, कोवळ्या डहाळ्या व साल पुरवण्याच्या कामी गेली बावीस वर्षे तात्पुरत्या स्वरूपात नेमलेला असून त्याची वर्तणूक समाधानकारक आहे. सदर इसम व मादी जिराफ (नोंद क्रमांक सात) यांच्यात असाधारण जिव्हाळा असल्याचे शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झालेले आहे. सबब सदर इसमास अन्यत्र हलवता येत नाही.

हे वर्णन त्याच्या सेवापुस्तकाच्या पहिल्याच पानावर डकवलेले आहे. वर्ग चारच्या माणसाबद्दल कार्यालय सहसा इतके गोड लिहीत नाही. लिहिले तर समजावे की गोड भाग आधी येऊन गेला आणि खरे काम 'सबब'पासून सुरू होते.

संग्रहालयात त्याला सगळे डहाळीमामा म्हणत. सकाळी सहाला तो मागच्या फाटकातून तीनचाकी टेंपो घेऊन बाहेर पडे. साडेसातला परत येई तेव्हा टेंपो दिसतच नसे; हिरवा डोंगर हळूहळू सरकत येई, पुढच्या काचेवर डहाळ्या लोंबत असत आणि आत माणूस आहे हे हॉर्नवरून कळे. बाकीच्यांना शहर रस्त्यांवरून ठाऊक असते, त्याला ते झाडांवरून ठाऊक होते. न्यायालयाच्या आवारात तीन बाभळी, इस्पितळाच्या धुलाईखोलीला लागून तुतीची रांग, पाण्याच्या टाकीखाली कोणी न लावलेले अंजीर. कोणी पत्ता विचारलाच तर तो म्हणे, "वाकड्या बाभळीवरून डावीकडे." विचारणारा मान हलवी आणि पुढे जाऊन दुसऱ्या कोणाला तरी विचारी.

कामाचे काही नियम होते, ते कुठे लिहिलेले नव्हते. झाडाचा तिसरा हिस्साच घ्यायचा, म्हणजे झाड रुसत नाही आणि पुढच्या वर्षी पुन्हा सापडते. रस्त्याकडेचे घ्यायचे नाही, त्यावर धुराचा थर असतो. कण्हेरीच्या कुंपणाजवळचे झाड असेल तर प्रत्येक डहाळी हातात घेऊन बघायची. कण्हेरीची थोडी पाने जरी चुकून भाऱ्यात गेली तरी त्या जनावरासाठी पुढे पाला आणावा लागत नाही. लांब काठीची आकडी घालून फांदी ओढायची, कोयत्याने तोडायची, नळीच्या पाण्याने धुवायची. मग वाटप. जाड फांद्या गेंड्याला. तो त्या तिरक्या, कातरीने कापल्यासारख्या तोडे आणि लाकडासकट खाऊन टाके. खालचे कोवळे हरणांना. आणि सगळ्यांत चांगला चाळीस किलोंचा भारा काकूंना.

काकू म्हणजेच नोंद क्रमांक सात. हे नाव कोणी पाडले ते कोणाला आठवत नाही. पण भिंतीवरून शेजारच्या आवारात मान घालून, तोंडाने सावकाश काहीतरी चघळत, गेंड्याच्या घरात काय चालले आहे ते सगळे बघायचे आणि मत मात्र द्यायचे नाही, ही त्यांची उभे राहण्याची तऱ्हा बघितली की दुसरे नाव सुचत नसे. काकूंना कोणी एकेरीत बोलत नसे. संचालकसुद्धा "काकूंनी आज काय घेतलं?" असेच विचारत.

काकूंचा भारा कप्पीवरून पंधरा फूट वर चढवावा लागे. तो जागेवर स्थिरावण्याआधीच हातभर लांबीची काळसर जीभ येई, डहाळीला विळखा घाली, एक हिसका, आणि पाने गेलेली. पाने संपली की साल. पुढचे वरचे दात जिराफाला नसतातच. ती उणीव काकू चिकाटीने भरून काढत. खालच्या दातांनी खरवडून, पट्टी पट्टी सोडवून. नऊच्या सुमाराला टांगणीवर नुसत्या पांढऱ्या काठ्या राहत, रंधा मारल्यासारख्या. त्यांची मोळी बांधून मामा मागच्या फाटकाशी असलेल्या चहावालीला नेऊन देई. तिची चूल त्यावर पेटे, आणि मामाला दोन चहा मिळत, एक तेव्हाचा आणि एक दुपारचा.

जिराफ पेलेल असा काटा संग्रहालयात नव्हता. म्हणून काकूंची तब्येत पाल्यावरून ठरवत. टांगण्याआधी भारा तोलायचा, नंतर उरलेले तोलायचे, वजाबाकी करायची. तेवढे काकूंनी खाल्ले. हा आकडा रोज तक्त्यात जाई आणि तक्ता महिन्याच्या शेवटी वर जाई. बावीस वर्षांत हा आकडा बहुधा पस्तीस ते अडतीस किलोंच्या मध्ये असे. फक्त तीनदा तो घसरला. मामाच्या मुलीचे लग्न झाले ते चार दिवस, मामाला कावीळ झाली ते अकरा दिवस, आणि मामाची आई गेली ते पाच दिवस. तिन्ही वेळा बदलीच्या माणसाने पाला टांगला आणि तिन्ही वेळा काकूंचे खाणे निम्म्यावर आले. मामा परत आला त्याच दिवशी आकडा पुन्हा वर.

त्या वेळी जे प्राण्यांचे डॉक्टर होते त्यांच्या हे लक्षात आले. त्यांनी एक आलेख काढला. सरळ चाललेली रेघ आणि तिच्यात तीन खड्डे. त्या तीन खड्ड्यांवर त्यांनी चाळीस पानांचा निबंध लिहिला, तो परदेशात एका परिषदेत वाचला, तिथून एक मानपत्र आणि एक चामड्याची बॅग घेऊन आले, आणि दोन वर्षांनी संचालक झाले. काकूंच्या कुंपणाशी फलक लागला : 'ही जिराफ मादी केवळ एका माणसाच्या हातूनच खाते.' शाळेच्या सहली येत. मुले आधी जिराफ बघत, मग बाई त्यांना तो माणूस दाखवत, आणि मुलांचा विरस होई.

मामाला ते आवडे, हे लपवण्यात अर्थ नाही. आयुष्यात त्याच्यावाचून कोणाचे अडले, असा हा पहिलाच प्रसंग. तो भारा वर चढवताना काकूंशी थोडे बोलत असे. पाऊसपाणी, टेंपोचा क्लच, मुलीचे पत्र. फलक लागल्यावर तो जरा मोठ्याने बोलू लागला. घरी जेवताना हा विषय दोन-तीनदा निघाला तेव्हा बायको म्हणाली, "मी माहेरी पंधरा दिवस गेले होते, तेव्हा तुम्ही किती खाल्लंत, त्याचा तक्ता काढलाय का कोणी?"

निबंधाचा एक परिणाम लगेच दिसला. मामाची सुट्टी बंद झाली. तात्पुरत्या माणसाला तशीही सुट्टी नव्हती. आता ती शास्त्रीय कारणाने नव्हती.

तो राहत होता ती इमारत संस्थेचीच. चार मजली, आणि मामाची खोली चौथ्यावर. पायऱ्या बाहत्तर. बांधताना लिफ्टसाठी जागा सोडली होती. त्या जागेत वरपर्यंत काळोख होता आणि तळाला लोकांच्या सायकली. खोली म्हणजे एक लांबट खोली आणि तिच्या टोकाला वाटीएवढे स्वयंपाकघर. खिडकीशी बायकोचे शिवणाचे मशीन. ती लोकांचे कपडे उसवून दुरुस्त करून देत असे. गुडघे गेल्यापासून गिऱ्हाइके वर येईनात आणि ती खाली जाईना, म्हणून खिडकीतून दोरीला बांधलेली टोपली खाली सोडायची. त्यात कपडे येत, भाजी येई, औषध येई. सगळी दुनिया तिला वरून दिसे. त्यामुळे माणसांना ती आता डोक्यांवरून ओळखत असे. "पोस्टमनचं टक्कल वाढलंय," ती सांगे. "तळमजल्यावरचीनं भांग बदललाय. काहीतरी आहे." मामा खाली फाटकातून आत शिरताना मान वर करून बघे. त्याला मान वर करायची सवयच होती.

एकदा तिला डॉक्टरकडे न्यायचे होते. संग्रहालयातले दोन पिंजरेवाले आले, तिला खुर्चीत बसवले, दोरीने बांधले आणि खुर्चीसकट बाहत्तर पायऱ्या उतरवले. सवयीचे गडी होते, सांबर हलवताना जसे "हळू, मान सांभाळ, मान सांभाळ" म्हणत तसेच म्हणत होते. परत वर आल्यावर तिने दोरीचे वळ चोळत सांगितले, "पुन्हा नको. सांबराला निदान भूल देतात." याला चौदा महिने झाले होते. त्यानंतर ती खाली उतरली नाही.

अशात संस्थेच्या रोपवाटिकेचा माळी निवृत्त व्हायची वेळ आली. रोपवाटिका संग्रहालयाच्या भिंतीला लागूनच होती. माळ्याला राहायला दोन खोल्या मिळत, तळमजल्यावर. दार उघडले की समोर वाफे, दाराशी नळ, उंबऱ्याला एकच पायरी आणि तीही झिजलेली. मामाने ही पायरी जाऊन दोनदा बघितली. दुसऱ्यांदा तिच्यावर उभे राहून बघितले. मग अर्ज केला. झाडे तोडण्यात बावीस वर्षे गेली आहेत, आता लावण्याची संधी मिळावी, असे त्याने लिहिले. बायकोने ते वाक्य खोडायला लावले आणि गुडघ्यांचे लिहायला सांगितले.

राजीनामा देऊन मोकळे व्हावे, तर राहती खोली संस्थेची. राजीनाम्यापासून पंधरा दिवसांत ती सोडावी लागते. म्हणजे बायकोला बाहत्तर पायऱ्या उतरवायच्या त्या रस्त्यावर बसवण्यासाठी. संस्था त्याला कधीही काढू शकत होती, कारण तो तात्पुरता होता. तो संस्थेला सोडू शकत नव्हता. या रचनेला नियमावलीत 'लवचीक' असा शब्द होता.

अर्जाचे उत्तर आठ दिवसांत आले. प्राण्याच्या हिताच्या दृष्टीने विनंती मान्य करता येत नाही. मामा संचालकांना जाऊन भेटला. संचालक माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी त्याला बसायला सांगितले. म्हणाले, काकूंना दुसऱ्या कोणाची सवय लावून दाखवा. महिनाअखेरपर्यंत बदलीच्या माणसाच्या हातून आकडा पस्तीसवर गेला, तर रोपवाटिकेची जागा तुमची. तारीख होती दहा. माळी तीसला जाणार होता.

बदलीचा माणूस म्हणून तिकीटखिडकीवरचा एक जण दिला. चाळिशीचा, पोट सुटलेला, अतिशय नेटका. खिडकीवर असताना सुटे पैसे उजव्या हाताने द्यायचे की डाव्या, याचाही त्याने नियम शोधून काढला होता. मामाने त्याला सगळे शिकवले. आकडी कशी अडकवायची, कण्हेर कशी ओळखायची, भाऱ्याची गाठ अशी मारायची की डहाळी ओढली तर येईल पण भारा कोसळणार नाही. एवढ्यावर त्याचे समाधान होईना. त्याने स्वतःचा कामाचा सदरा बदलीला घालायला दिला, काकूंना वास ओळखीचा वाटावा म्हणून. तो सदरा बदलीच्या पोटावर बसेना, तेव्हा बायकोने टोपलीतून वर ओढून घेतला, दोन्ही बाजूंना उसवून कापड जोडून दिले. "तुमच्या काकू माणसाला वासावरून ओळखत असतील तर हुशारच म्हणायच्या," ती म्हणाली. "मला हा वास इतकी वर्षं गेंड्याचा वाटतोय."

पहिल्या दिवशी बदलीचा आकडा आला एकोणीस. दुसऱ्या दिवशी अठरा. तिसऱ्या दिवशी वीस. आठवडा झाला तरी वीसच्या पुढे जाईना. संचालक तक्ता बघून हळहळले, पण त्या हळहळण्यात थोडा अभिमान होता. आपला आलेख अजून खरा ठरतोय, हे कोणाला आवडणार नाही? मामाला झोप लागेना. काकू आपल्यावाचून अर्धपोटी राहतात या विचाराने त्याला बरेही वाटे आणि भीतीही वाटे, आणि दोन्ही एकाच वेळी वाटल्यामुळे कोणाला सांगता येईना.

आठव्या दिवशी सकाळी तो गेंड्याच्या खोपटामागे लपून उभा राहिला. काकू आपली वाट बघत कशा उपाशी उभ्या राहतात ते त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे होते.

बदलीने सदरा नीट खाली ओढून भारा वर चढवला. भारा जागेवर येण्याआधीच जीभ आली. विळखा, हिसका, पाने गेली. काकूंनी इकडे बघितले नाही, तिकडे बघितले नाही. फाटकाकडे तर मुळीच बघितले नाही. पाने संपवली, साल सोलली, एक काठी मध्येच हलली तर तिला पुन्हा पकडून उरलेली पट्टी काढली. बदली काही बोलत नव्हता. बोलण्याचीही त्यांना उणीव भासल्याचे दिसले नाही. नऊला टांगणीवर पांढऱ्या काठ्या राहिल्या, रोजच्यासारख्याच. मग काकू भिंतीशी गेल्या आणि गेंड्याच्या घरात डोकावल्या. तिथे मामा उभा होता. त्याच्यावरून त्यांची नजर गेली ती गेंड्यावर जाऊन थांबली.

मामा खोपटामागून बाहेर आला तेव्हा बदली काट्यापाशी होता. त्याने खाली पडून उरलेल्या पानांबरोबर पांढऱ्या काठ्यांची मोळीही काट्यावर चढवली होती.

"काठ्या कशाला चढवल्यास?" मामाने विचारले.

"उरल्यात म्हणून."

"काठी कुठं उरते? ती काठीच असते."

बदलीने खिशातून घडी घातलेला छापील तक्ता काढला आणि बोट ठेवून दाखवले. तिथे लिहिले होते : 'खाल्ल्यानंतर उर्वरित सर्व.' "सर्व," तो म्हणाला. "मामा, तुम्ही तोलत नव्हता?"

मामा तोलत नव्हता. बावीस वर्षांपूर्वी ज्या मुकादमाने त्याला काम शिकवले त्याने पहिल्या दिवशी सांगितले होते, पान राहिले तर राहिले म्हणायचे. काठी काय जनावराने टाकली? ती झाडानेच तशी दिली. मुकादमाला तक्ता वाचता येत नव्हता आणि मामाला त्याचे बोलणे पटले होते. तेव्हापासून तो फक्त पाने तोलत असे आणि काठ्या चहावालीकडे जात. चाळीसातून तीन किलो पाने वजा, सदतीस. बदलीचा माणूस सतरा किलो काठ्याही तोली. चाळीसातून वीस वजा, वीस. आधीच्या तिन्ही वेळचे बदलीचे लोकही छापील वाचणारेच होते. काकू सगळ्यांच्याच हातून वीस किलो खात होत्या. पहिल्यापासून.

मामाला आधी हायसे वाटले. तळमजला, नळ, झिजलेली पायरी. मग त्याने वर बघितले. काकू गेंड्याकडे बघत होत्या. मग त्याला तितकेसे हायसे वाटेना.

त्याने हे कोणाला लगेच सांगितले नाही. सोमवार गेला, मंगळवार गेला. तो रोज फलकाच्या समोरून जाई आणि न वाचता जाई. हातात नळ आणि अंगण येत असताना माणूस तीन दिवस का थांबतो, याचे उत्तर तक्त्यात मावणारे नाही. गुरुवारी संध्याकाळी बायको खिडकीशी एक बटण लावत होती, तिला त्याने सगळे सांगितले. सांगताना किलोंचे आकडे दोनदा सांगितले, आणि काकूंनी बघितले नाही हे एकदाच.

बायकोने दात लावून दोरा तोडला. मग हसायला लागली, आणि इतकी हसली की तिला गुडघे धरून बसावे लागले. मामाही हसला, थोडे उशिरा.

"म्हणजे तिनं तुम्हाला कधी ओळखलंच नाही," ती म्हणाली.

"तसंच दिसतंय."

"आणि मी ओळखते, तर मी चौथ्या मजल्यावर." तिने बटण ओढून बघितले. "उद्या सांगून टाका त्यांना."

"लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक? मला तर नुसती डोकी दिसतात."

शुक्रवारी तो संचालकांकडे गेला. त्यांच्या खोलीत तो आलेख चौकटीत लावलेला होता, आणि चामड्याची बॅग कपाटावर. मामाने उभ्याउभ्याच सांगितले. काठ्या, मुकादम, चहावाली, दोन चहा, सगळे. काही लपवले नाही. संस्थेचे लाकूड बावीस वर्षे परस्पर दिले म्हणून काय शिक्षा असेल ती द्या, असेही म्हणाला. संचालकांनी शांतपणे ऐकून घेतले. मग ते उठून आले आणि त्यांनी मामाच्या खांद्यावर हात ठेवला. हे याआधी कधी झाले नव्हते, त्यामुळे मामा घाबरला.

"वहिनींची तब्येत मला माहीत आहे," ते म्हणाले. "माणूस बायकोसाठी काय काय बोलतो. मी तुमच्या जागी असतो तर मीही असंच काहीतरी रचलं असतं."

"साहेब, रचलेलं नाही. काठ्या चढवून बघा."

"बघू शकतो. पण मग आकडा वीस येईल."

"तेच म्हणतोय."

"आणि आधीचे आकडे सदतीस आहेत. काठ्या धरून काढलेला आकडा आणि काठ्या सोडून काढलेला आकडा यांची तुलनाच होऊ शकत नाही. पद्धत मध्येच बदलली तर शास्त्रात काही उरत नाही, मामा." ते खुर्चीत जाऊन बसले. "तुम्ही तुमच्या पद्धतीनं मोजत राहा. बदलीचा माणूस त्याच्या पद्धतीनं मोजू दे. तरच खरं काय ते कळेल."

ते चांगलेच बिनचूक बोलणे होते आणि त्यात कुठेही हात घालायला जागा नव्हती. तो म्हणाला, मग मी उद्यापासून काठ्या चढवतो. संचालक म्हणाले, तसे केले तर तुमच्या हातूनही आकडा वीसवर येईल, म्हणजे काकू आजारी आहेत असा अर्थ होईल, आणि आजारी जनावर सोडून परिचराला हलवता येत नाही.

मामा मागच्या फाटकाशी जाऊन बसला. चहावालीने न विचारता चहा दिला. तिने कोणाकडून तरी ऐकलेच होते. म्हणाली, मी साक्ष द्यायला येते, बावीस वर्षांत दुसरे लाकूड जाळलेले नाही. मामाने तिला सांगितले की तिची साक्ष कोणी खोटी मानणार नाही. अडचण वेगळीच आहे. ती काय, ते त्याला तिला समजावता आले नाही. दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा शेवटी संचालकांचेच म्हणणे बरोबर निघाले.

बदलीने मात्र त्याच्या बाजूने एक गोष्ट केली. त्याने स्वतःहून एक दिवस काठ्या न तोलता आकडा काढला, तो आला छत्तीस, आणि तो तक्त्यात लिहिला. दुसऱ्या दिवशी त्याला लेखी विचारणा आली : छापील सूचनेचा भंग का केला? तो नेटका माणूस होता. त्याने छत्तीस खोडून वीस केले, खाली सही केली आणि मामाची माफी मागितली. मग सदरा धुऊन, इस्त्री करून परत दिला.

तीस तारखेला माळी गेला. एक तारखेला रोपवाटिकेची जागा बदलीला मिळाली, कारण जागा रिकामी ठेवता येत नव्हती आणि काकूंच्या कामी तो उपयोगाचा नाही हे तक्त्यावरून सिद्धच झाले होते. तो एकटा होता. त्याने मामाला सांगितले की वहिनींना कधी बाहेर बसावेसे वाटले तर दोन्ही खोल्या तुमच्याच समजा. तो मनापासून बोलला. मामाने वाफ्यांकडे बघितले, नळाकडे बघितले, आणि बायकोला इथवर आणायचे तर आधी बाहत्तर पायऱ्या उतरवाव्या लागतील हे त्याला सांगितले नाही.

दोन तारखेला सकाळी साडेसातला, टेंपो रिकामा होण्याआधीच, मामाला कार्यालयात बोलावले. लेखी आदेश तयार होता, त्यावर शिक्का व्हायचा होता, आणि शिक्का ज्याच्या कपाटात होता तो दहाला येणार होता. मामाने विचारले, पाल्याचे काय? कारकुनाने सांगितले, होईल काहीतरी, तुम्ही बसा. तो लाकडी बाकावर बसला. पावणेतीन तास बसला. सव्वादहाला आदेश त्याच्या हातात आला. त्यात पदनाम बदलून 'वरिष्ठ पर्ण-परिचर, तात्पुरता' असे केले होते. सदर प्राणी सदर कर्मचाऱ्याखेरीज अन्य कोणाच्याही हातून समाधानकारक आहार घेत नाही, हे पुनश्च सिद्ध झाल्यामुळे त्याची सेवा अत्यावश्यक समजण्यात येत आहे, आणि बदलीबाबतचा कोणताही अर्ज यापुढे विचारात घेतला जाणार नाही, असेही होते.

त्या दिवशीचा पाला कार्यालयातल्या शिपायाने टांगला होता. काकूंनी तो नऊच्या आत संपवला.